आडव्या सीटचा लिलाव

नितेश डोर्लेकरला कुणी फुकट्या म्हटलं तर तो त्याच्यावर अन्याय होईल. फुकट्या माणूस फुकट मिळालं की खुशीत घरी जातो. नितेशला फुकट मिळवण्यासाठी राबायला आवडतं. एकदा कसल्याशा साबणपुडीच्या पाच पिशव्यांवर एक बादली मिळत होती, तर या गड्यानं रत्नागिरीतली तीन दुकानं पालथी घातली, निळा रंग मिळेपर्यंत थांबला आणि बादली घरी आणून बायकोपुढे ठेवत म्हणाला, "ही शून्य रुपयांची."

भाविका, म्हणजे त्याची बायको, हेदवीची. तिकडची माणसं मोजकं बोलतात. ती म्हणाली, "आणि ही साबणपूड? कपडे धुवायला आता भाड्यानं आणायचे काय?"

नितेश मूळ पूर्णगडचा. बापाच्या मागे 'वाघजाई कृपा' ही होडी त्याच्याकडे आली. सतराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत तो तिच्यावर खलाशी होता. होडीवर झोपायला जी फळी असते ती लांबीला पाच फूट, आणि नितेश पाच फूट दहा इंच. नऊ हंगाम हा माणूस गुडघे पोटाशी घेऊन, डोक्याखाली इंजिनाची धडधड आणि नाकात डिझेलचा वास घेऊन झोपला. पुढे कंबर गेली, डॉक्टरांनी समुद्र बंद केला, आणि नितेश किनाऱ्यावरचा मालक झाला. मिरकरवाडा बंदराजवळ दोन खोल्यांचं घर, घरात भाविका आणि आई बकुळाबाई. बकुळाबाईंचा धंदा वेगळा, गल्लाही वेगळा. रोज पहाटे बंदरावर लिलावात माल धरायचा आणि बाजारात पाटी मांडायची. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि त्यांच्या गल्ल्यात किती आहेत हे देवाला आणि त्यांनाच ठाऊक होतं.

असा हा नितेश चार वर्षांपूर्वी दाढदुखीनं घरी पडून होता, तेव्हा फोनवर त्याला एक व्हिडिओ दिसला. दिल्लीकडचा कुणी पोरगेला माणूस विमानात होता. त्यानं सीटचं एक बटण दाबलं. सीट हळूहळू सरकली, पाठ खाली गेली, पाय वर आले, आणि त्या सीटचा सपाट पलंग झाला. एका बाईनं येऊन त्यावर पांढरीशुभ्र चादर घातली. माणूस त्यात पाय ताणून, अगदी टोकापर्यंत ताणून, आडवा झाला आणि म्हणाला, हे सगळं मला फुकट मिळालंय, क्रेडिट कार्डाच्या पॉइंटांवर.

नितेशनं तो व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. दाढेचं विसरला.

त्या दिवसापासून त्याला एकच गोष्ट हवी होती, ती सीट. कुठल्या देशात जायचं हा प्रश्न त्यानं सगळ्यात शेवटी सोडवला. मुंबईहून कुठल्या विमानात ती सीट असते याची त्यानं यादी केली, त्यात पॉइंटांच्या हिशेबानं सिंगापूर परवडत होतं, म्हणून सिंगापूर. "तिथं जाऊन काय करायचं?" भाविकानं विचारलं.

"जाऊन काय करायचं नाही. जायचं."

"म्हणजे जाऊन परत यायचं?"

"येताना पण आडवंच."

आता नोकरदार माणूस क्रेडिट कार्डावर किती खर्च करणार? किराणा, मोबाईल, दिवाळीचे कपडे. त्याला त्या सीटपर्यंत पोचायला जन्म जायचा. नितेशकडे मात्र होडी होती, आणि होडी डिझेल पिते. फक्त बहुतेक कार्डं पंप दिसला की तोंड फिरवतात. डिझेलवर पॉइंट देत नाहीत. देणारं कार्ड शोधून ते आपल्या नावावर मंजूर करून घ्यायला त्याला आठ महिने लागले. कार्ड आलं तर पंपावर मशीन नाही. पंपवाल्याच्या मागे लागून मशीन बसवून घेतलं, तर खाऱ्या हवेनं ते महिन्याभरात मेलं. दुसरं आलं ते प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून ड्रॉवरमध्ये राहायचं आणि फक्त नितेशसाठी बाहेर निघायचं. पुढे बर्फाच्या फॅक्टरीचे मालक विनीतशेठ यांनाही त्यानं मशीन घ्यायला लावलं. होडीवरचं रेशन तो कार्ड चालणाऱ्या दुकानातून घ्यायला लागला, ते दुकान पाव मैल लांब असलं तरी.

आणि हे सगळं त्यानं गुपचूप केलं असं नाही. गुपचूप करणं त्याच्या स्वभावात नाही. बंदरावरच्या चहाच्या टपरीवर तो फोनवरचा सीटचा फोटो माणसांना दाखवायचा आणि भाव सांगायचा. "रोखीनं गेलात तर दोघांची जाऊन-येऊन साडेतीन लाख. साडेतीन! आणि मी देणार शून्य." माणसं चहा पिता पिता मान हलवायची. "आणि पॉइंट माझे असले तरी तिकीट कुणाच्याही नावानं काढता येतं," हेही तो सांगायचा, कुणी विचारलेलं नसताना.

यात त्याची चूक कुठं झाली हे त्याला फार उशिरा कळलं.

या वर्षीच्या जुलैत पॉइंट एक लाख चौऱ्याऐंशी हजार झाले. दोन माणसांच्या आडव्या सीटा, जाऊन-येऊन, एक लाख ऐंशी हजार. नितेश भाविकाला तारखा विचारतो आहे तोच विमानकंपनीचा मेल आला. आपल्या सेवेत अधिक सुधारणा करण्यासाठी एक ऑगस्टपासून याच सीटांना दोन लाख चाळीस हजार पॉइंट लागतील, असं त्यात मोठ्या आनंदानं कळवलं होतं. म्हणजे काढायची तर एकतीस जुलैच्या आत, नाहीतर आणखी एक हंगाम डिझेल जाळा.

त्याच आनंदात आणि त्याच घाईत तो बंदरावर गेला. पावसाळ्यात मासेमारी बंद, 'वाघजाई कृपा' वर ओढून ठेवलेली, आणि तांडेल खंडू तिच्या बुडाला रंग लावत होता. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हा खंडू नितेशच्या बापाच्या वेळेपासूनचा, साठीला आलेला, पाण्याचा रंग बघून बांगडा कुठं आहे सांगणारा. असा तांडेल ज्याच्या होडीवर तो मालक बंदरावर छाती काढून चालतो. विनीतशेठच्याही दोन होड्या होत्या, आणि त्यांनी खंडूला आतापर्यंत दोनदा निरोप धाडला होता.

"खंडूकाका, झाले बघा पॉइंट!" नितेशनं फोन त्याच्या नाकापुढे धरला.

खंडूनं ब्रश डब्यात ठेवला. हात पुसले. फोटो नीट पाहिला. "बरी हाय," तो म्हणाला. "आणि हे पॉइंट तुला कशावर मिळाले म्हणालास?"

"डिझेलवर. थोडे बर्फावर, थोडे रेशनवर. पण मुख्य डिझेल."

"डिझेल कुणाच्या पैशातून?"

नितेशनं फोन खाली घेतला.

होडीच्या धंद्याची रीत इथं सगळ्यांना पाठ असते. मासळीचा पैसा आला की त्यातून आधी डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करायचं. उरेल त्यातलं अर्धं होडीचं, म्हणजे मालकाचं, आणि अर्धं माणसांचं. माणसांच्या अर्ध्यात तांडेलाला दोन वाटे, प्रत्येक खलाशाला एक.

"डिझेल वजा झालं तेव्हा आमचं पण अर्धं गेलं ना?" खंडू अगदी शांतपणे म्हणाला. "मग डिझेलाबरोबर जे काय आलं असेल, त्यातलं अर्धं आमचं."

"अहो काका, कार्ड माझं! नाव माझं! डोकं माझं!"

"होडी पण तुजी, रे. जाळं पण तुजं. म्हणून काय बांगडा सगळा तुजा?"

होडीच्या पलीकडे जाळं विणत बसलेले सहा खलाशी आतापर्यंत जाळंच विणत होते. आता एकाचाही हात हलत नव्हता. त्यातला चिराग, ज्याला फोनातलं कळतं, उठून आला आणि म्हणाला, "नितेशभाऊ, कार्डाचं स्टेटमेंट दाखवा बघू." तीन वर्षांचं स्टेटमेंट फोनवर वर सरकवत त्यानं पाहिलं. पंप, पंप, बर्फ, पंप, रेशन, पंप. एक निळ्या बादलीची साबणपूड तेवढी मध्ये होती. "ही साबणपूड तुमची," चिराग उदारपणे म्हणाला.

नितेशनं मग समजावायचा प्रयत्न केला. पॉइंट म्हणजे पैसे नव्हेत. ते वाटता येत नाहीत. अर्धे केले तर सीट एकालाही मिळत नाही, अर्ध्या सीटवर कोण जाणार, आणि तुम्ही सात जण सोळाव्या हिश्श्यावर सिंगापूरला जाणार आहात काय?

हे त्यानं बोलायला नको होतं.

"घोळ मिळते तेव्हा काय करतो आपण?" खंडूनं विचारलं. घोळ हा मासा लाखमोलाचा. दहा हंगामांत एखादी गावते. "आठ तुकडे करून घरोघरी नेतो काय? तुकडा केला की किंमत गेली. अख्खी लिलावात लावतो, आणि आलेला पैसा वाटतो. तुजी ही सीट म्हणजे घोळ हाय. लाव लिलावात."

"सीट? लिलावात?"

"पहिल्या तारखेला होडी पाण्यात जायची. माणसं चढतील, का नाय चढतील, ते तू बघ. मी काय बोलत नाय." आणि खंडूनं ब्रश उचलला.

नितेश घरी आला तो थेट आईसमोर जाऊन बसला. बकुळाबाई सुक्या बांगड्यांची वर्तमानपत्रात पुडकी बांधत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. होडीचं अर्धं आपलंच आहे, म्हणजे लिलावात आपण बोली लावली तर अर्धे पैसे आपल्याकडेच परत येणार. फक्त रोख लागेल. त्याच्याकडे नव्वद हजार आहेत, पण कमी पडले तर—

"बघू," बकुळाबाई म्हणाल्या. त्यांनी सुतळी दातानं तोडली. "बाजारात काय दर म्हणालास त्या तिकिटांचा?"

"साडेतीन लाख," नितेश सवयीनं म्हणाला.

"आणि कुणाच्याही नावानं निघतात?"

"कुणाच्याही. आपल्या तिघांचे पासपोर्ट मी गेल्या वर्षीच काढून ठेवलेत, तुला आठवतंय ना, तू फोटोत डोळे मिटलेस म्हणून दोनदा जावं लागलं."

"आठवतंय तर," बकुळाबाई म्हणाल्या, आणि पुढचं पुडकं घेतलं.

स्वयंपाकघरात भाविका भात उपसत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

एकोणतीस जुलैला सकाळी नऊ वाजता जेटीवर लिलाव ठरला. आता हे लक्षात घ्यायला हवं की जून-जुलै बंदरावर मासळी येत नाही, म्हणजे दोन महिने लिलाव नाही. रोज पहाटे ओरडायची सवय असलेली माणसं दोन महिने घरात हळू आवाजात बोलत होती. त्यांना कुणी जुनी छत्री लिलावात काढली असती तरी ती जमली असती, आणि इथं तर विमान होतं. जेटीवर पाय ठेवायला जागा राहिली नाही. बोली पुकारायला सोनूबाई आली होती. मिरकरवाड्यात लिलाव सोनूबाईच पुकारते. तिचा आवाज भाट्याच्या पुलावर ऐकू जातो असं म्हणतात, आणि ती म्हणते की वारा उलटा असेल तर नाही जात.

सोनूबाईनं पदर खोचला. "माल कुठं हाय?"

नितेशनं फोन पुढे केला.

"ह्यात?" तिनं फोन उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "कल्ला बघायचा तर कुठं बघू? ताजा हाय का?"

"एकतीस तारखेपर्यंत," नितेश म्हणाला.

"मग बर्फात ठेव, मेल्या, बाहेर काय काढलास!"

जेटी हसली. नितेशही हसला, कारण अजून त्याला हसता येत होतं.

"साडेतीन लाखाचा माल!" सोनूबाईनं गर्दीकडे वळून आवाज लावला. "नितेशनं चार वर्षं टपरीवर सांगितलेला भाव हाय, माजा नाय! दोन माणसं, जायचं-यायचं, झोपून! बोला!"

"तसा साडेतीन लाख म्हणजे," नितेश घाईघाईनं म्हणाला, "तो अगदी वरचा दर झाला. ऐन वेळी काढलं तर. एरवी बघितलं तर दीड... म्हणजे खरं तर इकॉनॉमी धरली तर..."

"काल साडेतीन होता," मागून कुणीतरी म्हणालं. "रात्रीत उतरला?"

"दहा हजार!" चिरागनं उगाच सुरुवात करून दिली.

नितेश पंधरा. विनीतशेठ वीस. विनीतशेठ हसत हसतच बोलत होते. पांढरा शर्ट, हातात दोन फोन, आणि खंडू आपल्याकडे बघतो आहे की नाही यावर नजर. नितेश पंचवीस. चाळीसपर्यंत दोघंच चढत गेले. पन्नासला विनीतशेठचं हसू पातळ झालं. पासष्टला त्यांनी एक फोन कानाला लावला. सत्तरला ते कुणाशी तरी फोनवर बोलत बाजूला गेले, आणि तो फोन लागलेलाच नव्हता असं मागाहून चिरागनं सांगितलं.

"सत्तर हजार नितेशचे! सत्तर एकवार!"

नितेशनं मनात हिशेब केला. सत्तरातले पस्तीस आपल्याकडेच परत. पस्तीस हजारांत दोन आडव्या सीटा. म्हणजे शून्य नाही, पण शून्याच्या वस्तीतच. त्याच्या कमरेला कित्येक दिवसांत प्रथमच जरा बरं वाटलं.

"सत्तर दोनवार!"

सोनूबाईची नजर एकदम डावीकडे गेली. तिकडे बायकांच्या घोळक्यात बकुळाबाई उभ्या होत्या. त्या लिलावात कधी तोंडानं बोलत नाहीत. हनुवटी जरा, अगदी तांदळाएवढी, वर करतात. चाळीस वर्षांत ती हनुवटी सोनूबाईच्या नजरेतून एकदाही सुटलेली नाही.

"पंच्याहत्तर बकुळाबायचे!"

नितेशला आधी वाटलं आई आपल्यासाठी बोलते आहे. त्यानं हात वर करून सांगितलंसुद्धा, "आई, नको, माझ्याकडे आहेत!" मग त्यानं तिचा चेहरा पाहिला. तो चेहरा त्यानं लहानपणापासून पाहिलेला होता, पाटीमागे बसून, गिऱ्हाईक दोन रुपयांसाठी हुज्जत घालत असताना. त्या चेहऱ्यावर मुलगाबिलगा काही ओळखीचं नव्हतं.

"ऐंशी," तो म्हणाला.

हनुवटी.

"पंच्याऐंशी बकुळाबायचे!"

"आई, अगं काय करतेस!"

"लिलावात आई-बिई कुणी नसतं," सोनूबाई म्हणाली. "बोलतोस का?"

"नव्वद!"

हनुवटी.

"पंच्याण्णव!"

पिशवीत नव्वद हजार होते. होते तेवढे होते. घरात आणखी चाळीस होते, पण घरातली रोकड भाविकाच्या ताब्यात, आणि कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. नितेशनं मान वळवून तिला शोधलं. ती सासूच्या मागे उभी होती. त्यानं डोळ्यांनी विचारलं. भाविकानं पाहिलं, आणि मग जणू त्या दिशेला एखादी होडी येणार आहे अशी समुद्राकडे टक लावून पाहायला लागली. होडी यायची नव्हती. मासेमारी बंद होती.

"पंच्याण्णव एकवार!"

नितेशनं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून ते कार्ड. ज्याच्यासाठी आठ महिने झिजला ते, ज्याच्यासाठी पंपावर दोन मशीनं आणवली ते. त्यानं ते वर धरलं. "शंभर! एक लाख! सोनूबाई, कार्ड चालेल ना?"

जेटीवर जी हसण्याची लाट आली ती माणसांवरून माणसांवर जाऊन बर्फाच्या फॅक्टरीपर्यंत पोचली. खंडूनंसुद्धा, ज्याला कुणी हसताना पाहिलेलं नाही, टोपी काढून तोंडावर धरली.

"कार्ड!" सोनूबाईनं डोळे पुसले. "अरे रोखीचा बाजार हा, तुजा जन्म ह्या जेटीवर गेला. पंच्याण्णव दोनवार! नितेश, रोख बोल. नाय? पंच्याण्णव तीनवार! बकुळाबाय, माल तुमचा!"

बकुळाबाईंनी कमरेची पिशवी सोडली, नोटा थुंकी लावून दोनदा मोजल्या आणि सोनूबाईच्या हातात दिल्या. निम्मे तिथल्या तिथं खंडूकडे गेले. खंडूनं आठ वाटे केले, दोन आपल्याकडे ठेवले, सहा दिले. निम्मे होडीचे, म्हणून नितेशच्या हातात पडले. साडेसत्तेचाळीस हजार. तीन वर्षं कार्ड घासून काही न गमावता रोख साडेसत्तेचाळीस हजार मिळालेला माणूस जेटीच्या कडेला रडवेला होऊन उभा होता. त्याला कुणाकडे तक्रारही करता येईना. त्याचं नुकसान कुठं झालंय हे त्याच्याशिवाय कुणालाच दिसत नव्हतं.

"झालं मिटलं," खंडू म्हणाला. "पहिल्या तारखेला पहाटे चारला येतो." आणि तो रंगाच्या डब्याकडे गेला.

घरी उंबऱ्यात चपला काढताना नितेश म्हणाला, "आई, तुला जायचं होतं तर मला सांगायचं होतंस."

"चार वर्षं ह्या घरात त्या सीटची गोष्ट ऐकत होते मी," बकुळाबाई म्हणाल्या. "जेवताना ऐकली, झोपताना ऐकली. एकदा तरी विचारलंस का, आई, तू येतेस? विकत मिळतंय म्हटल्यावर मी विकत घेतलं. त्यात काय?"

नितेशनं भाविकाकडे पाहिलं. "आणि तू?"

"मलाही कुणी विचारलं नव्हतं," भाविका म्हणाली. "तारखा विचारल्यात. यायचं का, ते नाय विचारलंत. आईंनी विचारलं."

मग एकतीस तारखेला दुपारी, घाम पुसत, नितेशनंच सगळं केलं. पॉइंट बँकेतून विमानकंपनीकडे पाठवले. एकदा गेले की ते परत येत नाहीत, त्यामुळे 'पाठवा' या बटणावर त्यानं बोट टेकवलं आणि पाच मिनिटं तसंच धरलं. सप्टेंबरातल्या दोन सीटा मिळाल्या. त्यानं खिडकीची आईला घेतली, आतली भाविकाला. जेवण निवडताना सी-फूड असं लिहिलेलं दिसलं तेव्हा बकुळाबाई म्हणाल्या, "त्यांचा मासा? नको बाय. भाजीच सांग." मग पडद्यावर आलं की विमानतळाचे कर आणि इतर आकार, दोघींचे मिळून एकवीस हजार.

"फुकट म्हणाला होतास ना?" बकुळाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लिलावात मालाबरोबर टोपलीचे पैसे वेगळे कुणी घेतं काय?"

ते एकवीस हजार नितेशनं कार्डावर भरले. होडीच्या वाट्यातून आलेले साडेसत्तेचाळीस होडी पाण्यात जायच्या आधीच डिझेलला गेले.

सप्टेंबरात त्यानं दोघींना रत्नागिरी स्टेशनवर गाडीत बसवलं. भाविकाचा मामा मुंबईला विमानतळावर सोडणार होता. फलाटावर नितेश सूचना देत होता. बटण उजव्या हाताला असतं. तीन असतात, मधलं दाबायचं. आधी पाय, मग पाठ. चादर मागून घ्यायची, लाजायचं नाही, ती आपली असते. बकुळाबाई खिडकीतून म्हणाल्या, "बरं बरं. तू तेवढी पाटी सांभाळ. पापलेटाला चारशेच्या खाली उतरू नकोस."

पाच दिवस नितेशनं बाजारात आईची पाटी सांभाळली. पाटीमागे लाकडी पाट असतो, त्यावर उकिडवं बसावं लागतं. तिसऱ्या दिवशी कंबर धरली. बाजारातल्या बायका विचारायच्या, "आई विमानात का रे, बाबू?" आणि पापलेट साडेतीनशेला मागायच्या. दोन गिऱ्हाइकांना त्यानं दिलंही.

त्या परत आल्या त्या दिवशी तो स्टेशनवर अर्धा तास आधी जाऊन थांबला होता. रिक्षात बॅगा ठेवल्या, दोघी बसल्या, तो पुढे ड्रायव्हरशेजारी अर्ध्या जागेवर टेकला आणि मागे वळून त्यानं विचारलंच.

"आई, सीट कशी होती?"

"बरी होती."

"आडवी झालीस?"

"कशाला?"

"म्हणजे?"

"लाखभर रुपये देऊन काय झोपायला गेले होते मी?" बकुळाबाई म्हणाल्या. "जाताना ताठ बसले, येताना ताठ बसले. एक डोळा मिटला नाय. वरून समुद्र केवढा दिसतो रे! होड्या होत्या, ह्या नखाएवढ्या. जहाजं तर रांगेत उभी, बाजारात पाट्या लागतात तशी. ती बाई दर घडीला यायची, चादर घालू का म्हणायची. मी सांगितलं, नको बाय, घडी मोडेल." त्या जरा थांबल्या. "पापलेट कितीला दिलंस?"

"चारशे," नितेश म्हणाला.

घरी आल्यावर बकुळाबाई सरळ बाजारात गेल्या, पाटी तपासायला. भाविका बॅग उघडून बसली. सिंगापूरहून तिनं नेलकटर आणलं होतं, एक बरणी आणली होती, आणि विमानात मिळालेले दोन मऊ मोजे. मोजे तिनं नितेशच्या हातात दिले. तो ते हातात धरून पलंगाच्या कडेला बसला.

"मी झोपले," भाविका म्हणाली.

नितेशनं वर पाहिलं.

"जाताना पण, येताना पण. आई खिडकीला चिकटून बसल्या होत्या, मी म्हटलं जाऊ दे. मधलं बटण दाबलं. तुम्ही सांगितलंत तसंच, आधी पाय वर आले."

"मग?"

"मग पाठ गेली. हळू हळू जाते. आवाज येतो बारीक, मिक्सर लांबच्या घरात चालू असल्यासारखा."

"पूर्ण सपाट?"

"पूर्ण. आणि पाय टोकाला लागत नाहीत. मी ताणून बघितले, तरी नाय लागले."

नितेश सरकून तिच्या जवळ बसला. "तू पाच फूट एक आहेस," तो म्हणाला. "माझे लागतील का?"

भाविकानं विचार केला. मग ती खाली फरशीवर, उघड्या बॅगेच्या शेजारी, सरळ उताणी पडली आणि पायांच्या पुढे हात लांबवून दाखवू लागली, "माझी टाच इथं आली, आणि पुढे एवढं उरलं होतं... नाही, थांबा, जरा जास्तच... तुम्ही इकडे पडा बघू, म्हणजे सांगते." आणि नितेश, कंबर सांभाळत, मोजे हातात घेऊन, तिच्या शेजारी फरशीवर आडवा झाला.